शेजाऱ्याची नजर, खिडकी आणि कॅमेरा: न्यूसन्सचा दावा बसतो का, ते कसं तपासायचं

समोरच्या बाल्कनीतून आपला हॉल सरळ दिसतो, किंवा बाजूवाल्याने लावलेला कॅमेरा नेमका आपल्या दाराकडे तोंड करून बसलाय, आणि आपण रात्री साडेअकराला मोबाइलवर प्रायव्हसीचा कायदा शोधत बसतो. मग समोर येतो पुट्टस्वामी खटला, २०१७, सुप्रीम कोर्टाचे नऊ न्यायमूर्ती, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क. ते सगळं खरंच आहे, पण मूलभूत हक्क हा मुख्यतः सरकारला अडवायला घडवलेला आहे आणि बाजूवाला काही सरकार नाही. दोन घरांमधल्या भांडणासाठी कायद्याकडे त्याहून कितीतरी जुनी गोष्ट आहे, तिचं नाव न्यूसन्स, पुस्तकी मराठीत उपद्रव. वास, धूर, आवाज, ओल यासाठी ती शेकडो वर्षं वापरात आहे, नजरेसाठी वापरता येते का यावर मात्र कोर्टं बराच काळ अडखळत होती.

वकिलाकडे जायच्या आधी आपली तक्रार नक्की काय आहे हे आपल्यालाच कळावं एवढ्यासाठी हे लिहितोय. वकिलाची जागा याने भरून निघणार नाही.

पायरी १: त्रासाला बरोबर नाव द्या

सगळ्यात आधी एक प्रश्न, तो माणूस किंवा त्याची वस्तू तुमच्या हद्दीत आली आहे का? त्याने कॅमेऱ्याचा स्क्रू तुमच्या भिंतीत मारला असेल, कुंपण ओलांडून खिडकीशी येऊन उभा राहिला असेल, तर ते न्यूसन्स नाहीच, ती सरळ घुसखोरी, ट्रेसपास. आणि ते सोपं असतं कारण तिथे किती त्रास झाला हे सिद्ध करावं लागत नाही, पाय टाकला हेच पुरे. न्यूसन्स तिथे सुरू होतो जिथे माणूस स्वतःच्याच जागेत उभा आहे पण त्याच्या वागण्याचा परिणाम तुमच्या जागेत येतोय.

आणि कुणी बाईला कपडे बदलताना, अंघोळ करताना लपून बघत असेल किंवा शूट करत असेल तर कृपा करून न्यूसन्स वगैरे वाचत बसू नका, तो फौजदारी गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७७, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. तिथे पोलीस स्टेशन, दिवाणी कोर्ट नंतर.

अजून एक गोंधळ लोक करतात तो पब्लिक आणि प्रायव्हेट न्यूसन्सचा. अख्ख्या गल्लीला त्रास होत असेल तर पब्लिक. तुमच्या एका घराला होत असेल तर प्रायव्हेट, आणि घरातल्या प्रायव्हसीची तक्रार जवळपास नेहमी या दुसऱ्या खान्यातच पडते. म्हणजे पोलीस जर म्हणाले की हे दिवाणी आहे, तुम्ही कोर्टात जा, तर दरवेळी ते टाळाटाळच करत असतात असं नाही.

पायरी २: दावा कुणाच्या नावाने लागणार ते बघा

हे नव्या माणसाला विचित्र वाटतं. प्रायव्हेट न्यूसन्स ही माणसाच्या भावनांची तक्रार नाही, जागेची तक्रार आहे. लंडनमध्ये कॅनरी व्हार्फचा टॉवर उभा राहिला, जवळजवळ २५० मीटर उंच, आणि आसपासच्या शेकडो घरांतला टीव्ही नीट दिसेना. लोक कोर्टात गेले. १९९७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वात वरचं कोर्ट) दोन गोष्टी सांगितल्या. एक, नुसती इमारत मध्ये आली म्हणून टीव्ही दिसत नाही हा न्यूसन्स नाही. दोन, दावा लावायचा तर त्या जागेवर तुमचा हक्क पाहिजे, मालक असा किंवा स्वतंत्र ताबा असलेले भाडेकरू असा. घरात राहणारा मुलगा, पाहुणी आलेली मावशी, यांना त्रास तेवढाच होत असेल पण दावा त्यांचा नाही.

म्हणून अर्ज, नोटीस, जे काय लिहाल ते ज्याच्या नावावर घर आहे किंवा भाडेकरार आहे त्याच्या नावाने लिहा. फ्लॅट आईच्या नावावर आणि सगळी पत्रं मुलाच्या सहीची, असं केलं की समोरच्या वकिलाला पहिला मुद्दा फुकटात मिळतो.

पायरी ३: नुसतं दिसतंय, की बघणं चाललंय?

इथे थांबून वाचा, कारण बहुतेक तक्रारी इथेच अडतात.

आपल्याला वाटतं की समोरून माझं घर दिसतं हाच अन्याय आहे. कायदा तसं मानत नाही आणि फार पूर्वीपासून मानत नाही. १६१० चा एक इंग्लिश खटला आहे, ऑल्ड्रेड नावाच्या माणसाचा. शेजाऱ्याने याच्या घराला लागून डुकरांचा गोठा बांधला होता. कोर्ट म्हणालं वास येतो हा न्यूसन्स, उजेड अडला तर तोही, पण सुंदर देखावा अडला त्याला इलाज नाही, ती चैन झाली. म्हणजे खिडकीतून काय दिसावं यावर तुमचा हक्क नाही, आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की दुसऱ्याला खिडकीतून तुम्ही दिसता एवढ्यावर तुमची तक्रार नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या बॅलममध्ये एका कुटुंबाने बागेत मोठमोठे आरसे अशा कोनात लावले की शेजारच्या दातांच्या डॉक्टरच्या खोलीत काय चाललंय ते सगळं दिसावं. बिचारा डॉक्टर दाद मागायला गेला आणि हात हलवत परत आला. ऑस्ट्रेलियात १९३७ मध्ये रेसकोर्सवाल्यांचं तसंच झालं, बाजूच्या माणसाने स्वतःच्या जागेत उंच मचाण बांधून तिथून रेडिओवर रेसचं वर्णन सुरू केलं, लोक तिकीट काढेनासे झाले, आणि हायकोर्टाने (तिकडे सर्वात वरच्या कोर्टाला हायकोर्टच म्हणतात) तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की बघण्यावर बंदी नाही, तुम्हाला नको असेल तर कुंपण उंच करा.

म्हणजे ही वाट बंदच आहे असं वाटत होतं. आणि मग टेट मॉडर्नचा खटला आला.

लंडनमधलं हे मोठं कलासंग्रहालय. २०१६ मध्ये त्यांनी नवी इमारत उघडली, तिच्या दहाव्या मजल्यावर चारही बाजूंनी फिरता येईल अशी गॅलरी, शहर बघायला, फुकट. वर्षाला पाच-सहा लाख लोक यायचे. आणि ३०-३५ मीटरवर समोर महागडे फ्लॅट, ज्यांच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या. लोक शहर बघायचे आणि फ्लॅटमधलं जेवणाचं टेबलही बघायचे, हात हलवायचे, फोटो काढून टाकायचे, एकाकडे तर दुर्बीण होती. फ्लॅटवाले कोर्टात गेले.

२०१९ मध्ये पहिल्या कोर्टात हरले. न्यायाधीश म्हणाले तत्त्वतः घराची प्रायव्हसी न्यूसन्समध्ये येऊ शकते, पण काचेची भिंत तुम्हीच पसंत केलीत, पडदे लावा. अपिलात तर २०२० मध्ये अजूनच हरले, तिथे कोर्टाने सांगितलं की डोकावणं हा न्यूसन्स होऊच शकत नाही. आणि मग १ फेब्रुवारी २०२३ ला यूकेच्या सुप्रीम कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी उलटवलं आणि फ्लॅटवाले जिंकले. बहुमताचा निकाल लॉर्ड लेगॅट यांचा. प्राणिसंग्रहालयात ठेवल्यासारखं वाटेल ही उपमा त्यात आहे, पेपरवाल्यांनी तीच उचलली. पण आपल्या कामाची गोष्ट उपमेत नाही, प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले त्यात आहे.

पहिला प्रश्न, त्रास ठळक आहे का, म्हणजे सर्वसाधारण माणसाला, फार हळव्या माणसाला नव्हे, घर वापरणं अवघड व्हावं एवढा. दुसरा, समोरचा आपली जागा जशी वापरतोय तो त्या भागातला नेहमीचा, रोजचा वापर आहे का. रोजचा वापर असेल, राहणं, बाल्कनीत चहा पिणं, खिडकी उघडणं, तर थोडा त्रास सहन करायचा, कारण तुमच्या घराचा त्यालाही होतो. १८६२ च्या एका निकालात याला देवाणघेवाण म्हटलंय, तुम्ही माझं सोसा मी तुमचं सोसतो. पण लाखो लोकांना बोलावून वर उभं करणं हा संग्रहालयाचासुद्धा नेहमीचा वापर नाही. आणि एकदा वापर नेहमीचा नाही हे ठरलं की मग पडदे लावा हे उत्तर गळून पडतं, त्रास देणाऱ्याने थांबायचं असतं, ज्याला त्रास होतोय त्याने स्वतःला झाकून घ्यायचं नसतं.

माझ्या मते सगळा कायदा या एका वळणात आहे. आपण सांगत बसतो मला कसं वाटलं, आणि कोर्ट विचारतं तो काय करत होता.

म्हणून आपली तक्रार कागदावर एका वाक्यात लिहून बघा, आणि कर्ता मी नको, शेजारी हवा. "मला सतत बघितल्यासारखं वाटतं" याचं काही होत नाही. "तो रोज संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून आमच्या बेडरूमकडे तोंड करून तासभर बसतो आणि मोबाइल धरतो" याचं होऊ शकतं. आणि लिहिताना जर वाक्य असं आलं की "त्याच्या नव्या मजल्यावरून आमचं अंगण दिसतं", तर प्रामाणिकपणे मान्य करा की ही तक्रार कमजोर आहे. टेटच्या निकालाने सुद्धा नुसत्या दिसण्याला, ओव्हरलुकिंगला, न्यूसन्स म्हटलेलं नाही. हे लोक विसरतात आणि निकालाचं नाव घेऊन नव्या इमारतींच्या खिडक्यांवर उठतात.

पायरी ४: भारतात असाल तर जुनी खिडकी आणि नवी खिडकी वेगळी

इंग्लंड या बाबतीत कडक होतं पण भारतात चित्र वेगळं होतं, आणि याचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही. १८८२ च्या इंडियन इझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १८ मध्ये रूढीने मिळणारे सुविधाधिकार, म्हणजे शेजारच्या जागेबाबत आपल्या जागेला मिळणारे हक्क, आहेत, आणि तिथलं एक उदाहरणच प्रायव्हसीचं आहे: एखाद्या गावात रूढी अशी असेल की शेजाऱ्याच्या घराचा सहसा नजरेआड असणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी कुणी काढायची नाही, तर तिथे घर बांधणाऱ्याला तो हक्क आपोआप मिळतो, आणि शेजाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध तसाच मिळतो. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, मुंबई हायकोर्टाने गुजरातमधली अशी रूढी मान्य केली होती, आणि १८८८ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तिकडच्या प्रांतातली, बायकांच्या राहण्याच्या भागासंबंधी.

पण लगेच उड्या मारू नका. एक तर रूढी आहे हे तुम्हाला सिद्ध करायचंय, साक्षीदारांनी, जुन्या घरांच्या रचनेने, आणि काल वसलेल्या टॉवरच्या वसाहतीत कसली रूढी दाखवणार. दुसरं म्हणजे हक्क नव्या खिडकीविरुद्ध आहे, पिढ्यानपिढ्या असलेल्या खिडकीविरुद्ध नाही. तिसरं, तो भाग आधीच रस्त्यावरून दिसत असेल तर नजरेआड म्हणता येत नाही. जुन्या पेठेत, वाड्यांच्या वस्तीत वगैरे असाल तर मात्र वकिलाला हे कलम नक्की विचारा, पुष्कळांच्या डोक्यात ते नसतं.

पायरी ५: कॅमेऱ्याचं काय

कॅमेऱ्याचं बरं असतं की तो कुठे बघतो ते मोजता येतं, डोळ्यांचं तसं नाही.

१९९५ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या कोर्टात एक प्रकरण आलं, शेजाऱ्याने फ्लडलाइट आणि कॅमेरा लावलेला, हालचाल झाली की लाइट पेटणार आणि समोरच्याचं परसदार रेकॉर्ड होणार. कोर्टाने सरळ मनाई केली. इंग्लंडमध्येही १९७० च्या दशकात, विमानातून घराचा एकच फोटो काढला म्हणून लावलेला दावा फेटाळताना न्यायाधीश बोलून गेले होते की घरावर सतत पाळत ठेवली असती, येणंजाणं सगळं टिपलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. ड्रोनवाल्यांच्या बाबतीत आज हेच वाक्य कामाला येतं. एकदा उडून गेला, सोडून द्या. रोज सकाळी गच्चीवर घिरट्या, लिहून ठेवा.

२०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात डोअरबेल कॅमेऱ्यांचं प्रकरण आलं. प्रायव्हसीचा न्यूसन्स तिथे टिकला नाही, कारण तेव्हा टेटचा अपिलातला निकाल लागू होता. पण तक्रार करणारी बाई छळ आणि डेटा संरक्षण या दोन मुद्द्यांवर जिंकली. आणि न्यायाधीशांना चित्रापेक्षा आवाज जास्त खटकला, माइक इतक्या लांबचं बोलणं पकडत होता की माणूस स्वतःच्या बागेत काय बोलतो तेही टिपलं जावं. (भारतात हा डेटावाला रस्ता अरुंद आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या डेटाला लागू होत नाही.)

हे वाचलं तेव्हा मला माझीच गंमत आठवली. पॅसेजमध्ये समोरच्यांनी कॅमेरा लावला आणि मी चार महिने धुमसत होतो, दार उघडताना मान खाली घालायचो, शेवटी एक दिवस बेल वाजवून म्हटलं काका, जरा दाखवता का यात काय दिसतं. त्यांनी मोबाइल काढून दाखवला. आमचं दार दिसतच नव्हतं, दिसत होती आमची चपलांची मांडणी, अर्धी. मी वरमलो. पण त्याच स्क्रीनवर माइकचं चिन्ह हिरवं होतं आणि आमच्या हॉलमधला टीव्ही स्पष्ट ऐकू येत होता, ते काकांनाही माहीत नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे बंद केला. तेव्हा कॅमेऱ्याबद्दल विचारताना नेहमी तीन गोष्टी विचारा: काय दिसतं, काय ऐकू येतं, आणि किती दिवस साठवलं जातं.

पायरी ६: नोंद ठेवा, पण हेर बनू नका

वही घ्या. तारीख, वेळ, किती वेळ, काय झालं, घरात कोण होतं. महिनाभर तरी. न्यूसन्समध्ये एकदा काय झालं याला फार किंमत नसते, पुन्हा पुन्हा काय होतं याला असते. फोटो काढायचे ते स्वतःच्या जागेतून, कॅमेऱ्याचा कोन दिसेल असे, शेजाऱ्याच्या घरातले नव्हेत. नाहीतर उद्या कोर्टात त्याच्याही हातात तुमचे फोटो काढतानाचे फोटो असतील.

आणि बदला घेऊ नका, अजिबात. १८९३ चा एक खटला आहे, एका माणसाच्या शेजारी संगीताची शिक्षिका राहायची, शिकवण्यांचा आवाज यायचा, तर हा पठ्ठ्या भिंतीवर थाळ्या बडवायचा, शिट्ट्या मारायचा. कोर्टाने शिकवण्यांना काही म्हटलं नाही आणि याच्यावर मनाई हुकूम काढला, कारण मुद्दाम त्रास देण्यासाठी केलेला आवाज हा वेगळाच आवाज असतो. कॅमेऱ्यावर लेझर मारणं, समोर फ्लडलाइट लावणं, वायर कापणं हे सगळं याच जातीचं आहे. मग फिर्यादी तो होतो.

पायरी ७: मागायचं काय

बोलायला जाताना कॅमेरा काढा म्हणून जाऊ नका. कोन बदला, स्क्रीनवर आमचा भाग काळा करा (बहुतेक कॅमेऱ्यांत ही सोय असते, प्रायव्हसी मास्क म्हणतात), माइक बंद करा, खिडकीला खालच्या भागात धुरकट काच किंवा फिल्म लावा, खर्च निम्मा निम्मा. लोक कॅमेरा काढायला तयार नसतात, फिरवायला असतात. बोलणं झालं की त्याच दिवशी साधा मेसेज टाका, आज बोललो, असं असं ठरलं. हा मेसेज पुढे सोन्याचा असतो.

नाही जमलं तर सोसायटीला लेखी, मग वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ खाली. त्या अर्जात कोर्ट तीन गोष्टी बघतं: सकृतदर्शनी तुमच्या बाजूने काही आहे का, मनाई दिली किंवा नाही दिली तर जास्त अडचण कुणाची, आणि पैशाने भरून न निघणारं नुकसान आहे का. तिसरी गोष्ट घराच्या आतल्या नजरेबाबत पटवणं तुलनेने सोपं असतं, पहिलीसाठी ती वही लागते.

समोरून दोन ठराविक उत्तरं येतील. "आम्ही आधीपासून आहोत, तुम्ही नंतर आलात." हे १८७९ पासून चालत नाही, मिठाईवाल्याचे खलबत्ते वीसहून जास्त वर्षं धडधडत होते, शेजारच्या डॉक्टरने नंतर भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली, आणि तरी डॉक्टर जिंकला. दुसरं, "आमच्याकडे बांधकामाची परवानगी आहे." परवानगी म्हणजे बांधायची परवानगी, त्रास द्यायची नव्हे, यूकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये हे जवळपास याच अर्थाने सांगितलंय. पण त्याच निकालात अजून एक गोष्ट आहे जी वकील शेवटी सांगतात आणि आधी सांगायला हवी: न्यूसन्स सिद्ध झाला तरी कोर्ट मनाईऐवजी नुसती भरपाई देऊ शकतं. टेटच्या खटल्यात फ्लॅटवाले जिंकले तेव्हासुद्धा सुप्रीम कोर्टाने इलाज काय द्यायचा हे ठरवायला प्रकरण खालीच परत पाठवलं होतं. तेव्हा पहिल्याच भेटीत वकिलाला विचारून घ्या, की मला पैसे नकोत, ती नजर थांबायला हवी, त्यासाठी अर्जात काय लिहाल.